शाल, श्रीफळ आणि शेवटची चढाई

माझ्याबद्दल बायकोचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ह्यांच्या हातात माईक दिला की नळ सुटतो आणि चहाचा कप दिला की पाणी जातं." खरं आहे. घरात मी मोजकं बोलतो, मनातलं तर त्याहून कमी. पण कर्जत-खालापूरच्या कबड्डी स्पर्धांत टेबलामागे बसून मी जे बोलतो, ते ऐकायला रस्त्यानं जाणारे मोटारसायकल बंद करून थांबतात. समालोचक म्हणतात मला. हल्ली तर स्पर्धेच्या पत्रिकेवर नावाआधी 'आपल्या सर्वांचे लाडके' असंही छापतात. मी आज जे लिहिणार आहे ते या लाडक्या माणसाला शोभणारं नाही. म्हणून तर इतके दिवस दाबून ठेवलं होतं.

भात कापून, झोडून झालं की आमच्याकडे कबड्डी लागते. चौक गावापासून कळंबपर्यंत, दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे चुन्याची फक्की मारून मैदान आखलेलं असतं. पूर्वी या स्पर्धा वर्गणीवर आणि माझ्या गळ्यावर चालायच्या. कुणी खिशातून नोट काढून टेबलावर ठेवली की मी लगेच पुकारायचो, "या चढाईत जो गडी गुण आणील त्याला रोख बक्षीस, आणि देणारे आहेत आपले..." नोट देणारा मान खाली घालून लाजल्यासारखं करायचा, पण आडनावासकट नाव पुरं होईपर्यंत जागचा हलायचा नाही. नाव चुकलं तर परत यायचा, "जरा गावाचं पन घ्या" म्हणायचा. जाहिरात म्हणजे काय, ते मी त्या टेबलावर शिकलो.

सामने मोबाईलवर थेट दाखवायची कल्पना माझ्या मित्राची. त्याचं घराणं मूळचं किनाऱ्याकडचं, मुसलमान. आजोबांच्या वेळेपासून चौकात हायवेला टायरचं दुकान. शाळेत आम्ही एकाच संघात होतो. तो डावा कोपरा सांभाळायचा आणि मी राखीव गडी म्हणून बाहेर बसून बडबड करायचो. पुढे दुकान बसलं आणि तो मस्कतला एका मोठ्या दुकानाच्या गोदामात कामाला गेला. त्याची मुलगी इकडे दहिवलीच्या मुलींच्या संघात खेळायला लागली, आणि बापाचा जीव तिकडे खालीवर.

"तू नुसता फोन बांबूला बांदून ठेव रं," तो म्हणाला. "बाकी मी बगतो."

फोन बांबूला बांधला. पहिल्या दिवशी बघणारा तो एकटा. मग त्याच्या गोदामातले लोक आले, मग दोहातले, उलव्यातले, पुण्यातले, कुठल्याशा जहाजावरचा एक स्वयंपाकी. बघणारे वाढले तशा तक्रारी वाढल्या. गुणफलक दिसत नाही, आवाज फुटतो, बांबू हलतो. म्हणजे आता कॅमेरा हवा, तो ठेवायला तिकाटणं हवं, बॅटरी हवी, सगळं न्यायला टेंपो हवा. बायकोनं आपण होऊन लॅपटॉपचा ताबा घेतला. मग प्रश्न आला की याला पैसे कुणी द्यायचे.

आधी आम्ही बघणाऱ्यांनाच विचारलं. महिन्याला एका वडापावाइतकं द्या, म्हटलं. लोकांनी जोडलेले हात पाठवले, फुलं पाठवली, "दादा तुमचं कार्य महान" असं लिहिलं. वडापाव कुणी दिला नाही. यात त्यांचा दोष नाही. मैदानावर कबड्डी बघायला आमच्याकडे कधी कुणी तिकीट काढलंय?

राहता राहिली जाहिरात. व्हिडिओ दाखवणारी कंपनी आपोआप ज्या जाहिराती मध्ये घुसवते त्यांचा काही नेम नसायचा. पकड होतेय आणि पडद्यावर एक बाई इंग्रजी शिकवतेय. त्यातून मिळायचं ते चहालाही कमी. म्हणून मी आमच्या हायवेवर फिरलो. मिसळवाला, गॅरेजवाला, दाताचा डॉक्टर, मंडपवाला. आणि त्या जाहिराती मी वेगळ्या वाचल्या नाहीत, खेळातच विणल्या. "काय पकड आहे! चौकातल्या गॅरेजचा पाना बसावा तशी बसलीय!" एकदा एका गड्याच्या तोंडावर गुडघा बसला आणि मी पटकन दाताच्या डॉक्टरांचा पत्ता सांगून मोकळा झालो. मैदान हसलं, तो गडीही तोंड धरून हसला आणि सोमवारी खरोखरच त्या डॉक्टरांकडे गेला. मस्कतच्या गोदामात एका नेपाळ्याला मिसळीची जाहिरात पाठ झाली होती. मित्र फोनवर त्याला म्हणायला लावायचा. "तर्री वेगली, पाव वेगला!" मी आणि बायको स्वयंपाकघरात हसून हसून ओट्याला टेकायचो.

ते दिवस फार चांगले होते. जाहिरात देणारा खूश, बघणारा खूश, खेळ सुरेख दिसतोय. लोक मला विचारायचे, असलं चांगलं काम फुकट दाखवून नुसत्या जाहिरातीवर चालतं का हो? मी छाती काढून म्हणायचो, चालतं.

मग कळंबचे शेट आले. वडिलोपार्जित भाताच्या खाचरांत त्यांनी रिसॉर्ट उभं केलं होतं. आख्ख्या मोसमाची जाहिरात त्यांनी एकट्यानं घेतली. अट काही घातली नाही. त्यांच्या माणसाचा फक्त एक फोन आला. "उपांत्य सामन्याला शेट येनार हायत. जरा व्यवस्थित दाखवा."

मुलींचा उपांत्य सामना, दहिवलीचं मैदान, ऊन उतरलेलं. समोर खालापूरकडचा संघ, एकेक पोरगी दगडासारखी. दहिवली दोन गुणांनी मागे आणि शेवटची चढाई बाकी. चढाईला निघाली ती माझ्या मित्राची मुलगी. आणि नेमकी तेव्हाच शेटची गाडी मैदानाला लागली.

आमच्याकडची रीत अशी की पाहुणा आला की खेळ थांबतो. शाल, श्रीफळ, दोन शब्द, मग पुढचा खेळ. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा माणूस धावत पंचबाईंकडे गेला. त्या शाळेत खेळ शिकवतात. त्यांनी शिट्टी तोंडातून काढलीसुद्धा नाही, दातांतूनच म्हणाल्या, "चढाई तीस सेकंदांची असते. शेटना म्हणावं, तेवढी कळ काढा."

मंडळवाल्यांनी कळ काढली नाही. व्यासपीठावर शाल उलगडली गेली आणि त्याच क्षणी मैदानात चढाई सुरू झाली. कॅमेरा एकच आणि तो माझ्या हाताशी.

मी कॅमेरा व्यासपीठाकडे वळवला.

मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको लॅपटॉपवरून "अहो... अहो!" करत होती. मी मैदानाकडे पाठ करून बोलत होतो, "निसर्गरम्य परिसर, तरणतलाव, चुलीवरचं गावरान जेवण..." आणि मागून असा गलका उठला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. वळून पाहिलं तर पोरगी मध्यरेषेवर पालथी, एक हात आपल्या अंगणात, आणि मागे धुळीत खालापूरच्या पोरींचा ढीग. पंचबाईंनी तीन बोटं वर केली होती. तीन गुण! दहिवली जिंकली.

फोन वाजला. मस्कत.

"आरं काय झालं? सगली बोंबलतायत आनि मला नुसता शेट दिसतोय! काय केलान पोरीनी?"

"नेटमुळं चित्र तिथंच अडकलं रे," मी म्हणालो. "तीन आणली तिनं."

"तीन?" मग तिकडे गोदामात ओरडणं, "तीन लायी! मेरी बेटी तीन लायी!" टाळ्या, शिट्ट्या. मग तो परत फोनवर आला. "जाऊ दे, नेटला तू काय करनार? तू बगितलीस ना? सांग ना कशी मारली."

इथे मी थांबू शकलो असतो. पण माईक हातात होता. मी त्याला चढाई सांगितली. डाव्या कोपऱ्याला हूल दिली, उजवीच्या खांद्याला हात लावला, मागे वळता वळता लाथेनं दुसरी टिपली आणि तिसरीच्या हातांखालून मासळीसारखी निसटून रेषेला हात लावला. एक शब्द खरा नव्हता. मी ती चढाई पाहिलीच नव्हती. तो रडत होता. "लय भारी सांगतोस रं तू," म्हणाला.

घरी येऊन मी ध्वनिचित्रणातला तेवढा तुकडा कापला आणि बाकीचा सामना चॅनलवर पुन्हा चढवला. बायको बघत होती. तिनं लॅपटॉप मिटला.

पुढच्या मोसमात शेटच्याच जाहिरातीतून दुसरा कॅमेरा आला. चित्र झकास दिसायला लागलं, लोक वाहवा करायला लागले आणि तो कॅमेरा पेटीतून मी दर वेळी बायकोला काढायला लावायचो. वाईट याचं वाटायचं की मित्र ती चढाई विसरतच नव्हता. "तू सांगितलीस तशी," म्हणून तो मलाच ती परत सांगायचा. मी एकदा मुलीला चाचपून विचारलं, "अब्बांना तू काय सांगितलंस गं?" ती पायानं माती उकरत म्हणाली, "तुमी सांगितलात तेच बरोबर हाय, असं मी म्हनाले, काका." मला वाटलं, पोरगी मला सांभाळून घेतेय.

यंदा तो कायमचा परत आला. आजोबांचं दुकान झाडून-पुसून, नवा पत्रा घालून उघडायचं ठरवलं. मला चौकात बोलावलं, खजूर पुढे केला आणि म्हणाला, "माज्या दुकानाची जाहिरात तुज्याच चॅनलवर. आनि ती वाचून दाखवायची नाय, विनायची. पोरीची ती रेड हाय ना, तीच घाल. हूल, खांदा, लाथ, मासली. आनि मग म्हनायचं, असा रबर कुटं मिलतो?"

त्यानं ते इतकं खुशीत सांगितलं की मी हातातला खजूर परत पिशवीत ठेवला. आजवर खोटं एका फोनपुरतं होतं. आता ते मला माईकवरून साऱ्या तालुक्याला सांगायचं होतं.

"ती चढाई मी बघितली नाही," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"नेट चालू होतं. मी कॅमेरा फिरवला. शेटच्या शालीकडे."

टायरवर बसल्या बसल्या तो बोटांवर मोजायला लागला.

"मग हूल, खांदा...?"

"मी रचलं."

"आनि मी तुलाच समजावत व्हतो. नेटला तू काय करनार म्हनून." त्यानं खजुराची पिशवी उचलली, तोंड बांधलं, आत नेऊन ठेवली. "त्या नेपाल्याला पन पाठ हाय ती रेड. ऊट. जा घरी."

मी घरी आलो. बायकोला सांगितलं. तिनं कढई खाली उतरवली. "एवढ्यात सांगितलंत?" म्हणाली. टोमणा होता, पण त्या संध्याकाळी तिनं मला बाजरीची भाकरी आणि ठेचा असं माझ्या आवडीचं वाढलं, आणि मी बऱ्याच काळानं पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी कळंबला गेलो. ठरवलं होतं की शेटना सांगायचं, यापुढे चढाई चालू असताना सत्कार दाखवणार नाही, जाहिरात काढायची तर काढा. शेट तरणतलावाच्या कडेला पाय सोडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि एकदम उसळले.

"अहो, त्या दिवशी मंडळवाल्यांनी शाल अशी गुंडाळली की माझे दोन्ही डोळे आत! मला काय दिसलंच नाय. मी मॅच बगायला आलो व्हतो, नारळ घ्यायला नाय. नारळ माज्या वाडीत पडलेत."

"पण तुमचा माणूस म्हणाला, व्यवस्थित दाखवा..."

"मॅच व्यवस्थित दाखवा म्हनाला असंल! मला सांगा, लोक मला बगायला तुमचा चॅनल लावतात का? मी काय बगन्यासारका हाय?"

पोट सुटलेलं, अंगावर ओला टॉवेल. मी खरं काय ते सांगितलं नाही, पण हसू फुटलं आणि तेही हसायला लागले. ज्या माणसासाठी मी मित्राला फसवलं, त्याला ते नकोच होतं. जाहिरात चांगल्या कामाला पैसे देते, हे अजून मी छाती काढून सांगतो. पण ती काही मागायच्या आधीच आपण कॅमेरा वळवून बसतो, हे कुणाला सांगितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मला इतकं हलकं वाटत होतं की मी एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारल्या.

घरी पोचलो तर दारात मित्राची मोटारसायकल. तो माझ्याशी बोलला नाही, बायकोशी बोलला.

"वैनी, ह्याला सांगा, मला ती रेड बगायची हाय. खरी."

"अरे, ती कॅमेऱ्यात आलीच नाही..." मी म्हणालो.

"वैनी, ह्याला सांगा, पोरी जित्या हायत ना? परत मारायला लावायची."

हे फक्त कबड्डीवाल्यालाच सुचेल. बायकोला ते इतकं पटलं की तिनं फोनच उचलला. पुढच्याच रविवारी खालापूरच्या पोरी टेंपो करून दहिवलीत हजर, वर नाश्त्याला काय आहे विचारत. पंचबाई शिट्टी घेऊन आल्या. शेटही आले, शाल नको अशी आधीच ताकीद देऊन. मैदानाच्या कडेला गवतावर मांडी घालून बसले.

अडचण एकच निघाली. तिसरी जी बाद झाली होती तिचं लग्न होऊन ती पनवेलला गेली होती.

"ती अजून सांगते," खालापूरची कर्णधार म्हणाली, "मला हात लागलाच नव्हता. लग्नात पन सांगत व्हती, अक्षता पडायच्या आदी."

"लागला व्हता!" दहिवलीच्या पोरी एका सुरात.

"मी ऱ्हातो तिच्या जागेवर," मित्र म्हणाला आणि पॅन्टचे पाय वर दुमडायला लागला. पोरींनी त्याला ओढून-ढकलून नेमक्या जागी उभं केलं. "चाचा, जरा मागं. गुडगा वाकवा. आनखी. तिचं पोट नव्हतं येवढं." तो सगळं ऐकत होता.

बायकोनं विचारलं, "लाईव्ह करू?"

"नको काकी!" मुलगी घाबरीघुबरी झाली. तोंड लाल. "मी... मी पडले व्हते तवा."

"म्हंजे?" बाप वाकलेल्या गुडघ्यावरून म्हणाला.

"हूल-बिल काय नव्हती, अब्बा. मी घसरले. पडले म्हनून ह्या दोगी अंगावर आल्या. मग मी सरपटत गेले, जाता जाता तिसरीकडं हात फेकला. काकांची रेड चांगली व्हती, म्हनून मी गप ऱ्हायले."

मग मित्र असा हसला की त्याला गुडघे धरावे लागले. "वैनी, लाईव्ह करा! माज्या पोरीनं सरपटून तीन आनली! चालू करा!"

चढाई झाली. ती दम घालत गेली, डावीकडे झुकली आणि खरोखर तशीच घसरली. या वेळी नाटक होतं, पण आपटली खरी. दोघी तिच्यावर तुटून पडल्या. ती कोपरांवर सरपटत निघाली, एक पाय एकीच्या मिठीत, दुसरा दुसरीच्या, तोंडात माती आणि 'कबड्डी कबड्डी' चालूच. तिनं वाटेत तिसऱ्या जागेकडे हात फेकला, बापाच्या नडगीपाशी, आणि मग पूर्ण ताणून बोटं रेषेला टेकवली. कॅमेरा तिच्यावर होता. मी माईकवर फक्त "अरे... अरे... अरे!" एवढंच म्हणू शकलो. माझ्या रचलेल्या मासळीपेक्षा हे कितीतरी सुंदर होतं.

शेट उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण खालापूरची कर्णधार धूळ न झटकता मित्रापुढे येऊन उभी राहिली.

"चाचा, खरं सांगा. लागला का हात?"

सगळ्या पोरी गोळा झाल्या. त्याची मुलगी जमिनीवरूनच त्याच्याकडे बघत होती. त्यानं आपली नडगी पाहिली. मग लेकीकडे पाहिलं.

"नाय लागला," तो म्हणाला.

"अब्बा!"

"आगं नाय लागला तर काय सांगू? येवढं अंतर ऱ्हायलं." त्यानं बोटांनी दाखवलं.

खालापूरच्या पोरींनी उड्या मारायला सुरुवात केली. एकीनं पनवेलला फोन लावला आणि तो फोन हात वर करून मैदानभर फिरवला. त्यातून किंचाळणं ऐकू येत होतं. कर्णधार पंचबाईंना शोधायला लागली. दोनच गुण म्हणजे सामना बरोबरीत. बरोबरीत म्हणजे दोन्ही संघांना पाच-पाच चढाया. आणि त्या आत्ता, इथेच, व्हायला पाहिजेत.

"मग काय, घाबरतो काय?" मित्राची मुलगी उठून माती थुंकली. पोरी आपापल्या अंगणात पांगल्या. बापाला बाहेर जायला सांगितलं तर तो रेषेला लागूनच उकिडवा बसला. पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, कारण मी नुसता बघत होतो.

मित्रानं मान वळवली. त्या दिवशी पहिल्यांदाच तो सरळ माझ्याशी बोलला.

"आरं बोल की! मस्कतवाले बगतायत."

पंचबाईंनी शिट्टी फुंकली. खालापूरची पहिली पोरगी मध्यरेषेला हात लावून आत आली आणि मी बोलायला लागलो.